बिघाड यंत्रात की देहात?

दिवाळी सरली की निवृत्त मंडळींची एक वार्षिक लगबग सुरू होते. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकाला आपल्या हयातीचा दाखला द्यावा लागतो. कोणी बँकेत जाऊन यादीवर सही करतो, कोणी घरच्या संगणकाला बोटांच्या ठशांचे यंत्र जोडून ‘जीवन प्रमाण’ काढतो. याच संगणकावर पुढे वर्षभर सातबारा पाहिला जातो, वीजबिल भरले जाते, कीर्तन ऐकले जाते आणि रविवारी सकाळी दूरदेशीच्या नातवंडांची तोंडे दिसतात. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, मानवत या गावांतील पुष्कळ घरांत संगणकाची कथा सारखीच असते. मुलाच्या शिक्षणासाठी तो घेतला गेला, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, संगणक मागे राहिला आणि आईवडिलांच्या स्वाधीन झाला. शिकवणारा दूर, दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी आणि वापरणारे सत्तरी ओलांडलेले, अशी ही स्थिती.

असा संगणक अडला की घरात दोनच निष्कर्ष निघतात. एक, ‘यंत्र बिघडले’. दुसरा, ‘बाबांना आता जमत नाही’. पहिल्या निष्कर्षापायी अनेकदा विनाकारण खर्च होतो. दुसऱ्यापायी त्याहून मोठे नुकसान होते, कारण ज्येष्ठ माणूस हळूहळू त्या टेबलाकडे जाणेच सोडतो. वाचकहो, या दोहोंपेक्षा निराळी अशी तिसरीही एक शक्यता असते. डोळा, कान, हात किंवा मेंदू यांत सुरू झालेला बदल कधी कधी सर्वप्रथम संगणकासमोर उघड होतो आणि तो यंत्राचा दोष म्हणून दुर्लक्षिला जातो. म्हणून आजच्या लेखात दुरुस्ती दोघांचीही पाहू, यंत्राची आणि देहाची.

आधी विचारपूस, मग तपासणी

वैद्यकात औषधाआधी रुग्णाची हकिगत ऐकतात. संगणकालाही हीच रीत लागू पडते. तक्रार कधीपासून आहे? तिच्या आधी काही बदलले होते का, जसे की नवी वस्तू जोडणे, वीज जाणे, टेबल हलवणे? ती सततची आहे की अधूनमधूनची? या तीन प्रश्नांनंतर दोन सोप्या चाचण्या कराव्यात.

पहिली चाचणी ‘माणूस बदला’. तीच कृती घरातील दुसऱ्या व्यक्तीने करून पाहावी. तिलाही तीच अडचण आली तर दोष बहुधा यंत्रात असतो. दुसरी चाचणी ‘यंत्र बदला’. जी अडचण संगणकावर येते, तीच वर्तमानपत्र वाचताना, सदऱ्याची बटणे लावताना किंवा फोनवर बोलताना येते का, हे पाहावे. तशी येत असेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्यावी.

यंत्राचे किरकोळ आजार

संगणक सुरूच होत नसेल तर भिंतीवरील बटण, यूपीएस आणि जोडणीच्या तारा या क्रमाने पाहाव्यात. झाडूपोछा करताना मागची तार सैल होणे हे सर्वांत नेहमीचे कारण होय. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटत असतील तर पडदा जिवंत आहे. खालच्या पेटीतून येणारी तार सैल आहे किंवा ती पेटीच बंद आहे, असे समजावे. यूपीएस वीज असतानाही मधूनमधून ओरडत असेल किंवा वीज जाताच संगणकही जात असेल तर त्याची बॅटरी संपत आली आहे. ती साधारण दोन-तीन वर्षांत थकतेच. यूपीएस घरी उघडू नये. वीज बंद असली तरी आतील बॅटरीमुळे धक्का बसू शकतो. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये. तो क्षणात फार वीज ओढतो आणि यूपीएसला तो भार झेपत नाही.

संगणक अतिशय मंद झाला असेल, आवाज गेला असेल किंवा प्रिंटर ओळखला जात नसेल तर ‘शट डाऊन’ करण्याऐवजी ‘रिस्टार्ट’ करावे. दोन्ही एकच आहेत असे वाटते, पण तसे नाही. विंडोज १० आणि ११ या प्रणालींत संगणक पुढच्या वेळी लवकर उघडावा म्हणून ‘शट डाऊन’ करताना प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो, त्यामुळे त्यातील घोटाळाही जपला जातो. ‘रिस्टार्ट’ने सारे नव्याने सुरू होते. बटण दहा सेकंद दाबून धरून संगणक बंद करणे हा अखेरचा उपाय आहे.

तारीख व वेळ वारंवार चुकत असेल आणि त्यामुळे बँकेची पाने उघडत नसतील तर पेटीतील नाण्याएवढा चपटा सेल संपलेला असतो. तो स्वस्तात बदलून मिळतो. मात्र काढलेला जुना सेल टेबलावर ठेवू नये. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत तेथे गंभीर जखम होऊ लागते. नातवंडाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आपल्या भागाचे दोन शत्रू वेगळे सांगावे लागतील. एक उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, शिवारातील धूळ घरात येते आणि पेटीतील पंख्याची जाळी बुजते. संगणक आपोआप बंद पडू लागला तर बहुधा तो तापलेला असतो. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, वर कापड टाकून तो चालवू नये आणि वर्षातून एकदा धूळ काढून घ्यावी. दुसरा शत्रू रोहिणी-मृगातील विजांचा. ढग गडगडू लागण्यापूर्वीच संगणक व इंटरनेटच्या पेटीचे प्लग भिंतीतून काढून ठेवावेत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्या तारांना हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आपल्या परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. ते घरातील एकाच्या तरी मोबाईलमध्ये असावे.

‘अक्षरे पुसट दिसतात’

ही तक्रार आली की प्रथम पडदा मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावा आणि त्याचा उजेड खोलीतील उजेडाच्या बेताचा करावा. पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडत असेल तर टेबलाची दिशा बदलावी. अक्षरे मोठी करण्यासाठी ‘कंट्रोल’ ही कळ दाबून ठेवून अधिकचे चिन्ह दाबावे. नेहमीच्या आकारावर येण्यासाठी ‘कंट्रोल’ आणि शून्य. संपूर्ण पडद्यावर भिंग हवे असेल तर ‘विंडोज’ची कळ आणि अधिकचे चिन्ह, ते बंद करण्यासाठी ‘विंडोज’ आणि ‘एस्केप’. पुष्कळदा हे भिंग चुकून सुरू होते, पडदा अवाढव्य दिसू लागतो आणि घरचे ‘व्हायरस आला’ म्हणून घाबरतात. कायमस्वरूपी मोठी अक्षरे हवी असतील तर ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘टेक्स्ट साइझ’ची पट्टी सरकवावी. विंडोज १०मध्ये याच विभागाला ‘ईज ऑफ ॲक्सेस’ असे नाव आहे.

एवढ्याने भागले नाही तर चष्म्याकडे वळावे. वाचनाचा चष्मा साधारण पस्तीस-चाळीस सेंटिमीटरवरील पुस्तकासाठी असतो आणि दूरचा चष्मा रस्त्यासाठी. संगणकाचा पडदा असतो हातभर अंतरावर, म्हणजे दोहोंच्या मधोमध. दुहेरी भिंगाचा चष्मा लावणारा ज्येष्ठ माणूस मग खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलतो आणि तासभर तसाच बसतो. मानदुखी, डोक्याच्या मागच्या बाजूचे दुखणे, उठताना भोवळ या तक्रारींचे मूळ अनेकदा या उचललेल्या हनुवटीत असते. पडदा खाली आणावा, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा बरीच खाली ठेवावी आणि पडदा किंचित मागे कलता करावा. रोज तासाहून अधिक काम असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून केवळ संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. त्यांच्याकडे जाताना डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून न्यावे.

डोळे चुरचुरणे, पाणी येणे हा बहुधा कोरडेपणा असतो. एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावल्यावर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे आणि पापण्या मुद्दाम पूर्ण मिटाव्यात. पंख्याचा झोत थेट तोंडावर नसावा.

काही लक्षणे मात्र डोळ्यांचीच असतात. पांढऱ्या पडद्याचा झगझगाट सोसवत नाही आणि रंग फिके दिसतात, हे मोतीबिंदूचे लक्षण असू शकते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवल्यास तूर्त बरे वाटते, पण तपासणी टाळू नये. पडद्यावरील तक्त्याच्या सरळ रेषा मध्यभागी वाकड्या किंवा लहरींसारख्या दिसू लागल्या तर तो दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूचा आजार असू शकतो. वृद्धापकाळात आणि मधुमेहात तो आढळतो, त्याच्या काही प्रकारांत दिवसांचा विलंबही दृष्टी हिरावतो. ही परीक्षा एकेक डोळा झाकून करावी, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो. ओळीची सुरुवात किंवा शेवट वारंवार निसटत असेल तर काचबिंदूची तपासणी करून घ्यावी. पडद्याची एक बाजू अचानक दिसेनाशी झाली तर तो मेंदूचा झटकाही असू शकतो; त्याविषयी पुढे लिहितो.

‘माऊस ऐकत नाही’

माऊस बिनतारी असेल तर सेल बदलून पाहावा. टेबलावर काच असेल तर खाली जाड कागद किंवा पॅड ठेवावे, कारण काचेवर प्रकाशाचा माऊस चळतो. माऊसखालील छिद्रातील केस व धूळ काढावी. कळफलकावर अक्षरांऐवजी अंक उमटत असतील तर ‘नम लॉक’ पाहावे. परवलीचा शब्द बरोबर असूनही स्वीकारला जात नसेल तर दोन कारणे आधी तपासावीत. एक, ‘कॅप्स लॉक’ लागलेले असणे. दुसरे, कळफलक मराठीवर असणे. ‘विंडोज’ची कळ व स्पेस दाबल्यास भाषा बदलते. ‘शिफ्ट’ कळ पाच वेळा दाबली गेली की एक घंटा वाजून ‘स्टिकी कीज’ची विचारणा होते, तेथे ‘नो’ म्हणावे. उजवी ‘शिफ्ट’ आठ सेकंद दाबून धरली गेली तर ‘फिल्टर कीज’ सुरू होण्याची वेळ येते आणि मग कळफलक मेल्यासारखा वागतो. वयस्कर हात कळेवर विसावतो, म्हणून हे प्रकार ज्येष्ठांच्या घरी अधिक घडतात.

आता हाताकडे पाहू. एक निवृत्त शिक्षक उच्च रक्तदाबाच्या नेहमीच्या तपासणीसाठी आले होते. जाता जाता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, यांनी वर्षात तीन माऊस बदलले. दुकानदार चांगला देतच नाही म्हणतात.” मुलाने सुट्टीत येऊन तोच माऊस चालवला होता आणि तो उत्तम चालला होता. मी गुरुजींना कागदावर दोन ओळी लिहायला सांगितल्या. ज्यांच्या फळ्यावरील अक्षराची तालुक्यात ख्याती, त्यांचे अक्षर ओळीच्या अखेरीस मुंगीएवढे झाले. चालताना उजवा हात हलत नव्हता. मांडीवर ठेवलेल्या त्याच हाताचा अंगठा व तर्जनी एकमेकांवर घासत होती. तो कंपवाताचा आरंभ होता, मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यास दुजोरा दिला आणि औषधाने त्यांच्या हालचाली पुष्कळ सुधारल्या. कंपवातात नुसता कंप नसतो, हालचाल मंदावते. माऊसचे बटण चटकन दोनदा दाबायला लागणारा वेग त्या बोटांपाशी उरलेला नव्हता, एवढाच त्या तीन माऊसांचा दोष.

हाताचा प्रत्येक कंप हा कंपवात नव्हे. चहाचा कप उचलताना, माऊस धरताना वाढणारा आणि विश्रांतीत थांबणारा कंप वेगळा असतो आणि तो कित्येकदा अनुवंशिक असतो. थायरॉइडचे आधिक्य, दम्याची काही औषधे आणि मधुमेहींत साखर एकाएकी उतरणे यांनीही हात थरथरतात. अंगठा, तर्जनी व मधले बोट रात्री बधिर होत असेल तर मनगटात नस दाबली जात आहे. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर तेथील सांध्याची झीज असू शकते.

निदान काहीही होवो, संगणक वापरणे थांबवायचे कारण नाही. एकदा बटण दाबून वस्तू निवडावी आणि ‘एंटर’ दाबावे. दोनदा दाबण्याची गरजच पडत नाही. माऊसच्या सेटिंगमध्ये ‘डबल क्लिक’चा वेग आणि बाणाचा वेग कमी करावा, बाणाचा आकार वाढवावा. थरथरत्या बोटांनी एकच अक्षर चारदा उमटत असेल तर वर ज्याला उपद्रव म्हटले ते ‘फिल्टर कीज’ येथे औषध ठरते, कारण ते चुकून झालेला स्पर्श मोजत नाही. पक्षाघाताने उजवा हात दुबळा झाला असेल तर माऊसची डावी-उजवी बटणे उलटी करून तो डाव्या हाताला देता येतो. आणि टंकलेखन अवघडच झाले असेल तर मराठीत बोलावे. गुगलच्या कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून बोललेले मराठी मोबाईलवर लिहून मिळते.

‘त्याचे बोलणे कळत नाही’

व्हिडिओ कॉलवर आवाज येत नसेल तर प्रथम उजव्या कोपऱ्यातील ध्वनीचे चिन्ह दाबून आवाज कोणत्या साधनाकडे जात आहे ते पाहावे. शेजारच्या खोलीतील बिनतारी स्पीकरशी तो जोडला गेलेला असतो आणि संगणक निर्दोष असतो.

‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार निराळी. वयोमानाच्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजने निसटतात आणि स्वर तेवढे ऐकू येतात. अशा वेळी आवाज कितीही वाढवला तरी गोंगाट वाढतो, अर्थ वाढत नाही. संपूर्ण कान झाकणारा हेडफोन द्यावा, पलीकडच्या मुलाने तोंड उजेडात ठेवून सावकाश बोलावे आणि मागचा दूरदर्शन संच बंद करावा. कानात मळ साचला आहे का हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे आणि श्रवणचाचणी करावी. एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले तर ‘सर्दी असेल’ म्हणून आठवडा काढू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले तरच ते परत येण्याची आशा अधिक असते.

‘ठसा जुळत नाही’

‘जीवन प्रमाण’ची सुविधा १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात हे वाक्य कानी पडते. वयाबरोबर त्वचा कोरडी व पातळ होते, बोटांवरील रेषा उथळ होतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांवर तर त्या जवळजवळ पुसल्या जातात. कर्करोगावरील कॅपेसिटाबिनसारख्या औषधानेही काहींचे ठसे नाहीसे होतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ठसा घेण्याआधी हात कोमट पाण्याने धुऊन पुसावेत, बोटांना किंचित खोबरेल तेल किंवा मलम चोळून जादाचे टिपून घ्यावे, यंत्राची काच कोरड्या कापडाने पुसावी. एका बोटाचा हट्ट धरू नये, दहाही बोटे पाहावीत. बोट फार जोराने दाबल्यास रेषा सपाट होतात, म्हणून दाब बेताचा असावा. तरीही जुळले नाही तर २०२१ सालापासून चेहऱ्यावरूनही हा दाखला काढता येतो. त्यासाठी मोबाईलवर ‘जीवन प्रमाण’ व आधारचे चेहरा ओळखणारे ॲप लागते. उजेड समोरून असावा, चष्मा काढून पाहावा आणि सूचना आल्यावर पापण्या मिटून उघडाव्यात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी टपाल खात्याची पेमेंट्स बँक अल्प शुल्कात पोस्टमनमार्फत घरी येऊन हे काम करते. केंद्र सरकारच्या ८० वर्षे व त्यावरील निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तेव्हा अखेरच्या आठवड्याची वाट पाहू नये.

पडद्यावरची भीती

काम करता करता अचानक संपूर्ण पडदा लाल होतो, घंटा वाजते आणि ‘संगणक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर येतो. तो आजार नव्हे, सापळा होय. ‘एस्केप’ दाबून धरावे, मग ‘ऑल्ट’ व ‘एफ ४’ दाबावे. तेही जमले नाही तर सरळ भिंतीवरचे बटण बंद करावे. यंत्राचे थोडे नुकसान झाले तरी ते परवडते. फोन मात्र कदापि करू नये आणि अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप संगणकात घेऊ नये. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करीत नाहीत. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावावा आणि आपल्या बँकेला कळवावे. पहिल्या तासांत तक्रार झाली तर रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता असते.

घरातील मंडळींना येथे एक कळकळीची विनंती. फसवणूक झालेल्या ज्येष्ठाला रागावू नका. अशा प्रसंगानंतर त्यांचा रक्तदाब चढलेला, झोप उडालेली आणि जेवण तुटलेले असते. रागावण्याच्या भीतीने पुढची फसवणूक ते लपवतात. विंडोज १०चा मोफत सुरक्षापुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आहे. घरात तीच प्रणाली असेल तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत आणि ती बदलण्याबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा.

विसरण्याविषयीही थोडे सांगतो. नवा परवलीचा शब्द विसरणे, चष्मा कोठे ठेवला ते न आठवणे हे वयाचे आहे. पण जे काम पाच वर्षे सहज केले, त्याच्या पायऱ्याच आठवेनाशा होणे, एकच बिल दोनदा भरणे, मुलाशी कालच बोललो हे सांगूनही न पटणे, हे तपासणीयोग्य आहे. अशा विस्मरणामागे काही वेळा थायरॉइडची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य अथवा झोपेच्या गोळ्या असतात आणि ही कारणे दूर करता येतात.

टेबलाभोवतीची व्यवस्था

संगणकाच्या आवरण्यात पडणे टाळणे हा पहिला हेतू असावा. चाकांची खुर्ची तरुणांना सोयीची, पण सत्तरीनंतर उठताना ती मागे सरकते आणि माणूस जमिनीवर येतो. हात टेकायला दांडे असलेली, चार पायांची स्थिर खुर्ची द्यावी. तळवे जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. तारा भिंतीलगत चिकटवाव्यात. वाटेत आलेली एक तार आणि मोडलेले खुब्याचे हाड यांत फारसे अंतर नसते. दर अर्ध्या तासाने उठून घरातच चार फेऱ्या माराव्यात, म्हणजे पावलांवर सूज येत नाही.

शिकवणाऱ्याने माऊस हातात घेऊ नये, तो बाबांच्याच हातात राहू द्यावा. मुलगा झरझर करून देतो आणि काम होते, पण आईला मात्र काही कळत नाही. एका वहीत मोठ्या अक्षरांत, एका पानावर एकच काम, क्रमवार लिहून द्यावे. परवलीचे शब्द त्या वहीत न लिहिता वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवावेत. दुरून मदत करायची असेल तर विंडोजमधील ‘क्विक असिस्ट’ने मुलाला आईचा पडदा दिसतो. मात्र ही परवानगी फक्त घरच्याच माणसाला, आणि फोन आईने स्वतः लावलेला असेल तरच द्यावी.

त्याच दिवशी डॉक्टर गाठा

पुढील लक्षणे एकाएकी उद्भवली तर संगणकात दोष शोधत बसू नये.

१. नेहमी नीट लिहिणारी व्यक्ती अचानक अर्थहीन अक्षरे टंकू लागली किंवा समोरचा मजकूर तिला उमगेनासा झाला.
२. पडद्याची एक बाजू दिसेनाशी झाली किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला.
३. माऊस धरलेला हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे जड झाले.
४. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता शब्द सुचेनासे झाले.

ही मेंदूच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि आपल्याकडे त्यातला बराचसा वेळ प्रवासात जातो. म्हणून लगेच १०८ला फोन करावा, रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये आणि तो शेवटचा ठणठणीत केव्हा होता ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी. लक्षणे दहा मिनिटांत ओसरली तरीही जावे, कारण पुष्कळदा मोठ्या झटक्याआधी असा छोटा इशारा मिळतो. दूर राहणाऱ्या मुलांनीही हे ध्यानात ठेवावे. रविवारच्या कॉलवर वडिलांचे बोलणे एकाएकी अडखळले तर नेटवर्कला दोष देण्यापूर्वी त्यांना हसून दाखवायला आणि दोन्ही हात वर करायला सांगावे. ते जमले नाही तर शेजाऱ्यांना फोन लावावा.

पुढील अंकात घरच्या रक्तदाबमापकाविषयी पाहू. तो केव्हा खरे सांगतो, केव्हा चुकतो आणि त्याची नोंद कशी ठेवावी, हे त्यात येईल.